सरकारी ई-मेल आणि घरची कामे : नव्याने नोकरीत आलेल्यांसाठी आणि बदलीच्या तयारीत असलेल्यांसाठी

ग्वाल्हेरला बदली होऊन मला अकरा दिवस झाले होते. तिथल्या लष्कर नावाच्या भागातल्या भाड्याच्या खोलीत संध्याकाळी कुकर लावत होते, तेवढ्यात इंदूरहून फोन आला. माझ्या जागी आलेला मुलगा बोलत होता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, अगदी सरळ. म्हणाला, "मॅडम, तुमच्या आईंचा शुगरचा रिपोर्ट आलाय इथे. तीन महिन्यांची सरासरी साडेनऊ दाखवतेय. प्रिंट काढून पाठवू का?"

रिपोर्ट मी पाहण्याआधी त्याने पाहिला होता, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती. तपासणीचा फॉर्म भरताना ई-मेलच्या रकान्यात मीच ऑफिसचा पत्ता लिहिला होता. तो पत्ता माझ्या पदाच्या नावाचा होता आणि चार्ज देताना त्याचा पासवर्ड रीतसर त्याच्याकडे गेला होता. त्याच मेलबॉक्समध्ये माझ्या बँकेची स्टेटमेंट येत होती, मुलाच्या होस्टेलच्या फीच्या पावत्या येत होत्या, विम्याच्या हप्त्याची आठवण येत होती. कुठल्याही संकेतस्थळावर "पासवर्ड विसरलात?" दाबले असते, तर नवा पासवर्ड त्याच्या समोर उघडला असता.

पुढचा दीड महिना मी एकेका ठिकाणचा पत्ता बदलण्यात घालवला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून सगळे क्रमाने लिहिते. मी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, म्हणून नियमांचे क्रमांक केंद्राचे देते. मध्य प्रदेश शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९६५ चे आचरण नियम लागू आहेत, बडोद्याकडच्या गुजरात शासनाच्या मंडळींना १९७१ चे. कलमांचे आकडे बदलतील, व्यवहार बदलणार नाही.

१. आधी पत्ता कोणाचा ते ओळखा

सरकारी ई-मेलचे दोन प्रकार असतात. एक पदनामाचा, म्हणजे "सहायक संचालक, इंदूर" अशा अर्थाचा. दुसरा तुमच्या नावाचा. पदनामाचा पत्ता खुर्चीचा असतो. तुम्ही उठलात की पुढच्या माणसाला जातो, आणि आतली सगळी जुनी पत्रेही त्याच्याबरोबर जातात. नावाचा पत्ता बदलीनंतरही तुमच्याकडे राहतो, पण मालकी सरकारचीच.

जॉइनिंगच्या दिवशी आस्थापना शाखेत (आमच्याकडे सगळे तिला "स्थापना"च म्हणतात) एवढेच विचारा: मला कोणता पत्ता मिळणार, तो पदाचा की नावाचा, आणि माझ्या आधी तो कोण वापरत होते? पदाचा असेल तर पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला. आधीच्या माणसाने ऑफिसच्या संगणकावर ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवून ठेवला असेल तर तोही काढून टाका. पासवर्ड असा साठवून ठेवायला धोरणात मनाई आहे, तरी दर दुसऱ्या टेबलावर तो साठवलेला सापडतो.

२. नियम कुठे लिहिलेले आहेत

नव्या माणसाला वाटते, ई-मेलचा नियम म्हणजे एखादे परिपत्रक असेल. तसे नाही. तो तीन ठिकाणी विभागलेला आहे.

पहिले, भारत सरकारचे ई-मेल धोरण. ते २०१४ मध्ये तयार झाले आणि त्यानंतर त्यात सुधारणा झाल्या. सरकारी मेलची सेवा चालवण्याची जबाबदारी एनआयसीकडे, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे, आहे. त्याच काळात सरकारी संगणक, इंटरनेट आणि इतर साधनांच्या वापराचेही वेगळे धोरण आले.

दुसरे, १९६४ चे केंद्रीय नागरी सेवा आचरण नियम. हे ई-मेल जन्मायच्या आधीचे आहेत, त्यात मेलचा उल्लेख नाही. पण कर्मचाऱ्याकडून खुलासा मागवला जातो तेव्हा बोट याच नियमांवर ठेवले जाते.

तिसरे, १९९३ चा सार्वजनिक अभिलेख (सरकारी रेकॉर्ड) कायदा आणि २००५ चा माहितीचा अधिकार कायदा. हे दोन्ही पुढे येतील.

३. वैयक्तिक वापर: कुठपर्यंत चालतो

सेवा सरकारी कामासाठी आहे, हा पाया. पण सरकारी पत्त्यावरून फक्त सरकारी माणसालाच लिहायचे, असे नाही. खाजगी माणसालाही लिहिता येते, मजकुराचे तारतम्य ठेवायचे.

तुमच्या सेवेशी निगडित गोष्टी, म्हणजे रजेचा अर्ज, भविष्य निर्वाह निधी, एलटीसी (रजा प्रवास सवलत), औषधोपचाराच्या खर्चाची परतफेड, पासपोर्टसाठी ना-हरकत, मालमत्तेची सूचना, हे सगळे ऑफिसच्या मेलवरून करणे रास्तच आहे. फक्त त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. बॅकअप ठेवणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे, तुमच्या हातून पुसले गेले तर एनआयसी परत आणून देणार नाही, हे २०१४ च्या धोरणात स्पष्ट लिहिलेले आहे.

"आज उशीर होईल, दूध आणून ठेव" असा एखादा मेल गेला म्हणून कोणाला निलंबित केल्याचे मी ऐकलेले नाही. माझा स्वतःचा निकष एवढाच आहे: हा मेल साहेबांच्या टेबलावर छापून ठेवला तर मी शांतपणे उभी राहू शकेन का? उत्तर "नाही" असेल, तर तो मेल फोनवर, स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या वेळात.

धोरणात गैरवापर म्हणून ज्या गोष्टी मोजून सांगितल्या आहेत त्यांत जाहिराती, साखळीपत्रे, त्रास देणारे किंवा अश्लील मेल, जात-धर्मावरून हिणवणारा मजकूर, दुसऱ्याचे खाते वापरणे, आणि सगळ्यांच्या सामाईक यादीवर खाजगी मेल पाठवणे हे आहे. शेवटची गोष्ट आपल्या लोकांच्या हातून सर्वांत जास्त घडते. त्यावर सविस्तर बोलते.

*वर्गणीचा मेल.* आमच्या एका सहकाऱ्याने कॉलनीतल्या गणेशोत्सवाच्या वर्गणीचे आवाहन ऑफिसच्या सगळ्या यादीवर पाठवले. इंदूरच्या मराठी वस्तीत गणपती म्हणजे घरचेच कार्य, त्यामुळे त्यांच्या मनात काहीही वावगे नव्हते. खाली सही मात्र आपोआप उमटणारी, नाव, पद, विभाग, राजमुद्रा. चौथ्या दिवशी खुलासा मागवणारे पत्र आले. आचरण नियम १२ प्रमाणे शासनाच्या आधीच्या मंजुरीशिवाय कोणत्याही कारणासाठी वर्गणी मागता येत नाही, स्वीकारता येत नाही. "कोणत्याही" म्हणजे देवासाठीसुद्धा. ते तीन आठवडे झोपले नाहीत. खुलाशात त्यांनी चूक मान्य केली, समज देऊन प्रकरण मिटले. वर्गणी गोळा करायला मंडळात सरकारी नोकरीत नसलेली माणसे असतात, ते काम त्यांच्याकडे द्या.

*घरचा व्यवसाय.* नवरा विमा एजंट आहे, बायकोचे साड्यांचे किंवा दिवाळीच्या फराळाचे काम आहे. "सहज" म्हणून ऑफिसच्या मेलवर दरपत्रक पाठवले जाते. नियम १५ मध्ये कुटुंबातल्या व्यक्तीच्या विमा किंवा कमिशन एजन्सीसाठी प्रचार करण्यावरही बंधन आहे. मेल पाठवणाऱ्याला वाटते ओळखीत सांगितले, पण हाताखालच्या माणसाला "नाही" म्हणणे किती अवघड जाते ते आठवा.

*पदाची सही असलेली तक्रार.* माझ्या मते हा सगळ्यांत मोठा सापळा आहे, कारण यात माणसाला आपण चुकतोय असे वाटतही नाही. बिल्डरने पार्किंग दिले नाही, शाळेने मुलीचा प्रवेश अडवला, बँकेने चुकीचे शुल्क कापले. तक्रार अगदी खरी. पण ती सरकारी पत्त्यावरून गेली आणि खाली "अधीक्षक" लिहिलेले असले की समोरच्याला ती धमकी वाटते. कधी कधी लिहिणाऱ्यालाही तसेच वाटायला हवे असते, हे मी नोकरीत पाहिले आहे. २०१४ मध्ये आचरण नियम ३ मध्ये जी भर पडली, त्यात स्वतःच्या, कुटुंबाच्या किंवा मित्रांच्या आर्थिक लाभासाठी पदाचा दुरुपयोग करू नये असे आहे. हक्काची तक्रार या एका कारणाने उलटते. ती घरच्या पत्त्यावरून, साध्या नावाने करा.

*निवडणुकीचे दिवस.* राजकीय संदेश ऑफिसच्या मेलवरून पुढे ढकलू नका, विनोद म्हणूनही नाही. नियम ५ कडक आहे.

४. उलटा सापळा: ऑफिसचे काम जीमेलवर

सरकारी मेल उघडत नाही, ओटीपी येत नाही, साहेबांना पाच मिनिटांत तक्ता हवा असतो. मग माणूस जीमेलवरून पाठवतो. हे करू नका. सरकारी पत्रव्यवहारासाठी बाहेरची मेल सेवा वापरायला मनाई आहे, आणि सरकारी पत्त्यावर आलेला मेल स्वतःच्या खाजगी पत्त्यावर पाठवायलाही मनाई आहे. आपोआप पुढे जाण्याची सोय लावून ठेवली असेल तर आजच बंद करा. नस्तीतली (फाइलमधली) कागदपत्रे गूगल ड्राइव्हवर ठेवणेही त्यातच आले.

कोणी सांगेल, "जीमेलवर आहे म्हणजे ते खाजगी झाले." झाले नाही. काम सरकारी असेल तर मेल कुठल्याही खात्यात असो, तो सरकारी कामाचाच. चौकशीच्या वेळी तुमचे घरचे खाते उघडून दाखवायची पाळी येते, त्यात घरातल्या चार गोष्टीही असतात.

५. हे मेल कोण वाचू शकते

माहिती अधिकार कायद्यात "माहिती" या शब्दाच्या व्याख्येतच ई-मेल हा शब्द आहे, कलम २ च्या खंड एफमध्ये. कोणीही नागरिक अर्ज करू शकतो, आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. खाजगी माहितीला कलम ८ मध्ये संरक्षण आहे. पण कुठला मेल खाजगी आणि कुठला सरकारी हे जन माहिती अधिकारी ठरवतो, आणि ते ठरवण्यासाठी त्याला तो वाचावा लागतो. आईचा रिपोर्ट अर्जदाराच्या हाती पडणार नाही, पण आपल्याच ऑफिसमधले दोघे-तिघे तो चाळतील.

सुरक्षेच्या किंवा कायद्याच्या कारणासाठी सरकारी साधनांवरचा मजकूर तपासण्याचा अधिकार संबंधित यंत्रणेला आहे. धोरणाप्रमाणे तसे वापरणाऱ्याला कळवून करायचे असते. तपास यंत्रणांना मेल किंवा नोंदी द्यायच्या त्या माहिती तंत्रज्ञान कायदा २००० आणि इतर लागू कायद्यांप्रमाणेच. शेजारच्या शाखेतल्या साहेबाने तोंडी "त्याचा मेल दाखवा" म्हटले तर ते त्यात बसत नाही, हेही माहीत असू द्या.

६. घर वेगळे करा: पंधरा दिवसांचे काम

काय जवळ ठेवायचे: आधार, पॅन, बँकेचे पासबुक, विम्याच्या पॉलिसींचे क्रमांक, स्वतःच्या नावाचे मोबाइल सिम, एक कोरी वही आणि एक नवे खाजगी ई-मेल खाते. वहीत पासवर्ड लिहू नका, ती फक्त यादीसाठी.

आधी मोबाइलकडे बघा. ऑफिसने दिलेल्या नंबरवर बँकेचे ओटीपी येत असतील तर ई-मेल बदलूनही काही साधणार नाही. बदलीनंतर तो नंबरही दुसऱ्याकडे जातो. नंबर पहिल्यांदा, पत्ता नंतर.

मग यादी. ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये "ओटीपी", "स्टेटमेंट", "पावती", "पासवर्ड", "प्रीमियम" असे एकेक शब्द टाकून शोधा. मी शोधले तेव्हा तेवीस ठिकाणे निघाली. त्यातली नऊ मी पार विसरून गेले होते, एक तर बंद पडलेल्या बचत खात्याचे होते.

क्रम असा ठेवा:

बँक सर्वांत आधी. नेट बँकिंगमधून होत नसेल तर शाखेत अर्ज द्या, पोच घ्या, आणि आठ दिवसांनी नव्या पत्त्यावर खरोखर काही येते का ते पाहा. मला शाखेने "झाले" सांगितले होते, पण स्टेटमेंट आणखी एक महिना जुन्याच पत्त्यावर गेले.

नंतर आयकराचे पोर्टल. तिथे प्रोफाइलमध्ये संपर्काचा तपशील बदलता येतो, नव्या नंबरवर आणि नव्या मेलवर ओटीपी येतो. विवरणपत्र भरायच्या शेवटच्या आठवड्यात हे करायला बसू नका.

त्यानंतर डिजिलॉकर, एनपीएस (पेन्शन योजनेचे खाते), विमा, म्युच्युअल फंड, गॅस, वीज, मुलांची शाळा-कॉलेज, दवाखाना, पॅथॉलॉजी. दवाखान्यात तोंडी सांगून चालत नाही. काउंटरवर उभे राहून "स्क्रीनवर कोणता पत्ता दिसतो?" असे विचारा.

हे सगळे जुना पत्ता तुमच्या हातात असतानाच करायचे. पुष्कळ ठिकाणी बदलाची खात्री करायला जुन्याच पत्त्यावर मेल येतो. मी हे बदलीनंतर केले, म्हणून दर दोन दिवसांनी त्या मुलाला फोन करून "एक आकडा आला असेल, सांगतोस का बाळा" म्हणावे लागले. खरे तर ओटीपी दुसऱ्याकडून विचारणे आणि दुसऱ्याला सांगणे, दोन्ही चूकच. पण दुसरा रस्ता मी ठेवला नव्हता.

ऑफिसच्या संगणकावर घरचे खाते उघडले असेल तर निघताना बंद करा. व्हॉट्सॲप वेबसुद्धा. चहाला उठतानाही.

७. चार्ज देताना

बदलीचा आदेश हाती पडला की घाबरून सगळा मेलबॉक्स रिकामा करणारी माणसे मी पाहिली आहेत. तसे करू नका. संगणकावर तयार झालेली सामग्रीही सार्वजनिक अभिलेखात मोडते. केंद्रीय कार्यालयांना लागू असलेल्या १९९३ च्या कायद्यात ठरलेल्या पद्धतीशिवाय अभिलेख नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

काढायचे ते फक्त निव्वळ घरचे मेल. तेही आधी स्वतःजवळ उतरवून, मग पुसून, मग कचऱ्याच्या फोल्डरमधूनही. ज्या मेलमध्ये एक ओळ घरची आणि एक ओळ कामाची आहे, त्याला हात लावू नका. तुमच्यावर चौकशी चालू असेल किंवा एखादा माहिती अधिकाराचा अर्ज प्रलंबित असेल, तर एकही मेल पुसण्याआधी अभिलेख अधिकाऱ्याला लेखी विचारा. शंका वाटेल असे पुसणे, हे कितीही निर्दोष असले तरी समजावून सांगणे फार जड जाते.

कार्यभार हस्तांतरणाच्या टिपणात ई-मेलचा स्वतंत्र परिच्छेद घाला. पासवर्ड त्यात लिहायचा नाही. पुढच्या माणसाने समोर बसून नवा ठेवायचा. मी टिपणात पासवर्ड लिहिला होता, आणि त्या टिपणाच्या तीन प्रती तीन शाखांत गेल्या होत्या.

निवृत्तीला वर्ष राहिले असेल तर पेन्शनच्या कागदपत्रांत आणि "भविष्य" पोर्टलवर खाजगी पत्ता आणि खाजगी नंबर आहे ना, ते आताच बघा. पेन्शनच्या प्रत्येक टप्प्याची सूचना तिथूनच येते. २०१४ च्या धोरणात किमान २० वर्षे सेवा झालेल्यांना नावाचा पत्ता आणखी एक वर्ष ठेवण्याची तरतूद होती. तुमच्या निवृत्तीच्या तारखेला काय लागू आहे ते आस्थापनेकडून लेखी घ्या, आणि तरीही त्या पत्त्यावर काही अवलंबून ठेवू नका.

८. चूक होऊन गेली असेल तर

खाजगी मेल चुकून सगळ्या यादीवर गेला, तर त्याच यादीवर माफीचा दुसरा मेल टाकू नका. थेट वरिष्ठांना दोन ओळींत कळवा. संशयास्पद लिंक दाबली गेली असेल तर लगेच पासवर्ड बदला, ऑफिसच्या संगणक शाखेला सांगा, उद्यावर ढकलू नका. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. खुलासा मागितला तर वेळेत, थोडक्यात आणि खरे लिहा. "माझा पासवर्ड सगळ्यांना माहीत होता" हा बचाव कधीही घेऊ नका. पासवर्ड दुसऱ्याला देणे हाच वेगळा दोष आहे, आणि खात्यावरून गेलेल्या प्रत्येक मेलला खातेदार जबाबदार असतो.

९. दोन तयार मसुदे

घरच्या ओळखीच्यांना, ऑफिसच्या नव्हे तर नव्या खाजगी खात्यातून:

"नमस्कार. माझा कार्यालयीन ई-मेल पत्ता पदाचा असून तो आता दुसऱ्या अधिकाऱ्यांकडे जाणार आहे. कृपया यापुढे सर्व खाजगी पत्रव्यवहार या पत्त्यावरच करावा आणि जुना पत्ता आपल्या नोंदीतून काढून टाकावा. काढल्याचे उलट मेलने कळवल्यास आभारी राहीन."

हस्तांतरणाच्या टिपणासाठी:

"पदनामाचे ई-मेल खाते आज दिनांक ____ रोजी ____ वाजता सुस्थितीत सुपुर्द केले. पासवर्ड स्वीकारणाऱ्यांनी माझ्या समक्ष बदलला. खात्यातील कोणताही कार्यालयीन मेल काढलेला नाही. माझ्या नावे वैयक्तिक मेल आल्यास तो न उघडता मला दूरध्वनीने कळवावे."

शेवटची ओळ मी त्या फोननंतर घातली. त्यानंतरच्या दोन्ही बदल्यांत ती टिपणात होती, आणि दोन्ही वेळा एकही फोन आला नाही.